जादूचं पहिलं पुस्तक कोणतं?

प्रश्न : हातचलाखीची चार पुस्तकं जमवली, जादूगारांचे व्हिडिओ रोज पाहतो. तरी चारचौघांत एकही प्रयोग धड होत नाही. कोणतं पुस्तक धरावं, कोणाला पाहावं?

उत्तर : एकच पुस्तक धरा. पत्त्यांची आवड असेल तर ह्यूगार्ड आणि ब्राउए यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’, नाण्यांची असेल तर बोबो यांचं १९५२ सालचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’. एर्डनेसचं पत्त्यांवरचं १९०२चं पुस्तक ‘द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल’ थोरच, पण पहिल्या वर्षी उघडू नका; त्यातली जुगारी सफाई नवख्याला नाउमेद करते.

‘रॉयल रोड’ची सुरुवात साध्या पिसण्यापासून होते. ‘हे तर येतंच’ म्हणून लोक ते पान उलटतात आणि तिथेच फसतात. हातात पत्त्यांचा कॅट घेऊनच वाचा. सगळ्यात वरचं पान अंगठ्याने एकटं ओढा आणि बाकीची त्यावर पिसा, म्हणजे ते तळाला जातं. पुन्हा पिसा, शेवटची चार-पाच पानं एकेक करून सोडली की तळाचं पान परत वर येतं. शेवटची दोन पानं चिकटून पडली तर मात्र हवं ते पान वरून दुसरं होतं. नवख्यांची फजिती बहुतेक याच जागी. ती दोन सुटी पडेपर्यंत वेग वाढवू नका, आणि पिसताना हाताकडे टक लावून बघू नका.

नाण्याचं म्हणाल तर आधी ते मधल्या दोन बोटांच्या मुळाशी धरायला शिका. थेट तळहातात दाबायला गेलं की अंगठा ताठ बाहेर येतो आणि सगळं उघडं पडतं.

वेगाचं वेड असेल तर अर्जेंटिनाचे रेने लावांद पाहा. नवव्या वर्षी उजवा हात गेला. पुढे डाव्या एका हाताने, तेही मुद्दाम संथ, पत्त्यांचे प्रयोग केले. दुसरे टोनी स्लायडिनी. त्यांच्या प्रयोगात खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या डोक्यावरून कागदाचे गोळे मागे फेकले जातात. सगळ्या सभागृहाला दिसतं, त्या एकट्याला नाही. हा प्रयोग आवाज बंद करून पाहा आणि गोळा सोडून फक्त स्लायडिनींची नजर नि खांदे बघा.

सराव आरशापुढे करा, पण तपासणी फोनवर चित्रण करून. आरशासमोर नेमकी चलाखीच्या क्षणी आपली पापणी लवते, आणि चूक आपल्यालाच दिसत नाही.