ताण कुठे गेला ते आधी शोध

अगं, तुझा मेल दोनदा वाचला. लेझर पीनिंग, म्हणजे लेझरच्या धक्क्यांनी धातूच्या वरच्या थरात दाब भरून क्रॅक रोखणं, ते करूनही पट्टी आधीपेक्षा लवकर तुटली, म्हणून आता पॉवर वाढवू का, असं विचारतेस. नको. आधी मला सांग, ताण, म्हणजे दाबाच्या उलटी ओढ, कुठे गेला?

लेझरनं पट्टीवरच्या काळ्या टेपचा प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला वायू, होतो, वरचं पाणी त्याला फुगू देत नाही, म्हणून सगळा धक्का धातूत शिरतो, १०-२० नॅनोसेकंदांचा पल्स, काही गिगापास्कल दाब, हे तुला पाठच आहे. पण धातूत जो दाब अडकून राहतो तो फुकट मिळत नाही गं. वरच्या मिलिमीटरभरात दाब भरलास की त्याला तोलणारा ताण दुसरीकडे कुठेतरी बसणारच, जाड ठोकळ्यात तो पसरून जातो, तुझ्या ३ मिलिमीटरच्या पट्टीत जाणार कुठे? तुटलेलं तोंड मायक्रोस्कोपखाली धरून क्रॅक वरून निघालीय की आतून, एवढंही अजून बघितलं नाहीस, याचा खरं सांगतो राग आला.

राग येतो कारण मी हेच केलंय. टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या, एक्सरेनं मोजलेलं रीडिंग झकास मायनसमध्ये, म्हणजे दाबच दाब, दिला रिपोर्ट पाठवून. एक्सरे जेमतेम काही मायक्रॉन आत बघतो हे माहीत असून! त्यातला एक तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तोंडावर मधोमध मोहरीएवढा गुळगुळीत डाग, क्रॅक तिथूनच सुरू झालेली, आणि वरचा पृष्ठभाग अगदी शाबूत.

त्यानंतर किती खोलवर किती ताण याचं प्रोफाइल असल्याशिवाय मी कुठल्याही रिपोर्टवर सही केली नाही. होल ड्रिलिंग कर, म्हणजे बारीक भोक पाडत ताण मोज, नाहीतर इलेक्ट्रोपॉलिशनं, म्हणजे विजेनं धातू विरघळवून, थर काढत काढत एक्सरे घे, पण ताण कुठे गेला ते दाखव. लोक मला अडवणूक करतो म्हणाले, एक प्रोजेक्ट हातचा गेला, आजही तसंच करीन. बी-वन बॉम्बरच्या एफ१०१ इंजिनाच्या ब्लेडची पातळ कड १९९० च्या दशकात याच लेझरनं वाचवली, पण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मारून, आणि फक्त कडेपुरतं, म्हणजे ताण मागच्या जाड भागात जाऊन बसतो. तिथे हिशोब आधी झाला होता.

तुझा हात चांगला आहे, लेझरच्या ठिपक्यांचा एकमेकांवरचा ओव्हरलॅप इतका नीट माझा पहिल्या वर्षी नव्हता. न तुटलेली एखादी पट्टी सपाट टेबलावर ठेवून बोटानं दाब, डुगडुगते का, म्हणजे आतल्या ताणानं वाकलीय का, बघ. तुटलेल्या तोंडाचे फोटो पाठव, दोन्ही अर्ध्यांचे. तोवर लेझरला हात लावू नकोस.