दुपारी मान टाकलेली झाडं आणि पिवळे पडणारे दुधी

तुम्ही ठाण्याहून इंदूरला आलात आणि पहिल्याच एप्रिलमध्ये बाग हातातून चालली, असं लिहिलंय. गच्चीवरची वांगी, टोमॅटो दुपारी माना टाकतात, म्हणून दिवसातून तीनदा पाणी घालता. दुधी बोटाएवढा होऊन पिवळा पडतो, अंगणातल्या आंब्याच्या कैऱ्या गळतात, लिंबाला काय खत द्यावं कळत नाही. मी या गावात अठ्ठावीस उन्हाळे बाग सांभाळली आहे आणि यातली प्रत्येक चूक स्वतः करून झाली आहे. तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी ते तीनदा पाणी बंद करा. ठाण्याच्या दमट हवेत पानातून पाणी हळू उडतं. इथली हवा कोरडी. भर दुपारी मुळं जेवढं ओढतात त्यापेक्षा पानं जास्त उडवतात, मग झाड मान टाकतं. ती तहान असेलच असं नाही. संध्याकाळी सातला जाऊन बघा, पानं पुन्हा ताठ झाली असतील तर झाड ठीक आहे. सकाळी सहालाही माना खालीच असतील तर मात्र लगेच पाणी हवं. मधल्या वेळी शंका आली तर कुंडीत बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर हात मागे घ्या. ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं, मुळं कुजायला लागली की, आणि आपण त्याला आणखी पाजत बसतो. माझी मिरचीची अख्खी रांग अशी गेली.

पाणी सकाळी सातच्या आत, सावकाश, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. छोट्या कुंड्यांना गरज वाटली तर ऊन उतरल्यावर पुन्हा. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा. गच्चीवरच्या टाकीचंही दुपारनंतर तेच. आपल्याकडे नळ एक दिवसाआड, आणि ते पाणी जलूदहून, खाली नर्मदेवरून, घाट चढवून आणलेलं. ते फरशीवर वाहून जाताना बघवत नाही. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना खुशाल घाला, फक्त मीठ घातलेलं नको.

जमिनीतली झाडं हा वेगळा विषय, कारण आपली माती काळी. वाळली की तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. त्यातून ओल उडते, बारीक मुळं तुटतात आणि वरून घातलेलं पाणी थेट पाताळात जातं. जुनी माणसं म्हणायची, ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’. खुरप्याने वरची दोन बोटं माती हलवून भेगा बुजवा आणि वर वाळक्या पानांचा चार बोटं जाड थर द्या. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी येते. हा पाला झाडून कचरागाडीत देऊ नका. शहर स्वच्छतेत पहिलं येतं हे खरं, पण आपल्या अंगणातला पाला हा कचरा नव्हेच. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इथेच, आपल्या इंदुरात होता. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, तीनदा वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत करायची त्याने बसवलेली रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आत्ता खड्डा भरलात आणि ओलसर ठेवलात तर पावसाळ्यातल्या लागवडीला खत हाताशी येईल.

झाडाशेजारी पाण्याचा माठ पुरायचा, म्हणजे त्यातून मुळांना ओल झिरपते, असा सल्ला कुणीतरी देईलच. चांगला आहे, पण घरातला जुना, पाणी गार न करणारा माठ पुरू नका. त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, म्हणून तर तो गार करत नाही. मी पुरला होता. आठवडाभर पाणी जसंच्या तसं. कोरा, साधा माठ घ्या आणि तोंडावर झाकण ठेवा, डास होतात.

आता दुधी. तो रोगाने पिवळा पडत नाहीये, बहुतेक त्याचं परागण होत नाहीये. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दिवसाच्या मधमाश्यांचा उपयोग नाही, आणि गच्चीवर रात्रीचे पतंग फारसे फिरकत नाहीत. साडेसहा-सातला वर जा. ज्या फुलामागे सुपारीएवढा लवदार दुधी आहे ते मादी, नुसत्या बारीक देठावरचं ते नर. नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोलून काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवा. बोटाला पिवळी भुकटी लागली पाहिजे. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. साधलं असेल तर तीन-चार दिवसांत देठ जाड होऊन दुधी फुगायला लागतो. दोडक्याचं फूलही संध्याकाळचंच. गिलकीचं (म्हणजे आपलं घोसाळं, पण इथल्या भाजीवाल्याला घोसाळं कळणार नाही) आणि कारल्याचं सकाळी. नुसती नर फुलंच दिसत असतील तर वेल उपटू नका, कडक उन्हात ती जास्तच येतात.

टोमॅटोवर आता जीव टाकू नका. दिवस पस्तिशीपुढे आणि रात्रीही उकाडा, की फुलं गळणारच, फवाऱ्यांनी सहसा थांबत नाहीत. इथल्या माळव्याच्या गार रात्रींचं कौतुक आपण करतो, पण एप्रिल सरताना तो गारवा टोमॅटोला पुरत नाही. लागलेली फळं काढून घ्या. भेंडी, गवार, चवळी मात्र याच उन्हात खूश असतात. पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी नेट पश्चिमेकडून आणि वरून बांधा, बाकी बाजू वाऱ्याला मोकळ्या.

कैऱ्या थोड्या गळणारच. झाड पेलतील तेवढ्याच ठेवतं. फळ वाटाण्याएवढं झाल्यावर दर दहा-पंधरा दिवसांनी भरपूर पाणी द्या, तेही बुंध्याशी नाही, फांद्यांच्या टोकाखाली गोल आळं करून. पाणी पिणारी मुळं तिथे असतात. गळलेल्या कैऱ्यांचं दुःख नको, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं त्यातूनच होतं.

लिंबाला आत्ता रासायनिक खत नको. मी एकदा मे महिन्यात मूठभर युरिया टाकला, आठवड्यात पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. खत पाऊस लागल्यावर. आत्ता फक्त नियमित पाणी, कारण महिनाभर कोरडं राहून जूनमध्ये एकदम भिजलं की लिंबं तडकतात.

नवी फळझाडं लावायची असतील तर खड्डे मात्र याच दिवसांत. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल, लिंबाला दोन फूट. नवतपा (मेच्या अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत उघडे तापू द्या, मग माती आणि शेणखत घालून भरा. वांगी-मिरचीचं रोप मेच्या अखेरीस सावलीत टाका, म्हणजे पाऊस लागेपर्यंत लावणीजोगं होतं.

वांग्याची पानं वरून ठिपकेदार, फिकी झालीत म्हणता, तर ती उलटून बघा. बारीक जाळी आणि हलणारे लाल ठिपके दिसले तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आहेत. तीन दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारा. तरी राहिले तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाच्या चार थेंबांसह, ऊन गेल्यावरच. आणि लिंबाचं झाड कलमी आहे की बियाचं, ते कळवा. बियाचं आणि तीन वर्षांचं असेल तर फुलांची वाट बघायला अजून वेळ आहे.