सिकलसेलच्या वॉर्डात रुजू होताना

प्रिय मुली,

तुझी ऑर्डर गडचिरोलीची निघाली आणि वॉर्डात सिकलसेलचे, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजाराचे, रुग्ण जास्त आहेत, हे कळलं. घरचे काळजीत असतील, मला मात्र मनापासून बरं वाटलं. डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्र काढायची असते ती रुग्णाला आणि आपल्याला.

सगळ्यात आधी हे सांगते, कारण इथेच आपली माणसं चुकतात. रुग्ण सांगेल तेवढं दुखणं खरं धरायचं. क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याचा झटका येतो तेव्हा, बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ना जखम, ना प्लास्टर. आत मात्र विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेल्या असतात आणि हाडाला रक्त पोचत नसतं. "लय दुखून राहिलं जी सिस्टर" म्हणणारा पोरगा पाच मिनिटांनी मोबाइल बघताना दिसेल. लगेच कुणीतरी म्हणेल, नाटकं करतो, इंजेक्शनची सवय लागली याला. तू तसं म्हणू नकोस आणि हॅन्डओव्हरमध्ये ते वाक्य पुढे जाऊ देऊ नकोस. लहानपणापासून सोसत आलेली ही मुलं दर वेळी ओरडत नाहीत. मोबाइलमध्ये मन गुंतवून वेळ काढतात. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचार, केसपेपरवर वेळेसकट लिही. पहिला डोस तासाच्या आत, जमलं तर अर्ध्या तासातच पोचला पाहिजे. अर्ध्या तासानं पुन्हा विचार. मॉर्फिन चालू असेल तर श्वास मोज आणि गुंगी किती आहे ते बघ.

बर्फ कधीही लावू नकोस. गार लागलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं. पांघरूण दे, कोमट पाणी पाजत राहा. पण सलाईन भरमसाट चढवलं की फुप्फुसं भरतात, म्हणून आत किती गेलं आणि लघवी किती झाली, याचा हिशेब तुझ्याकडे हवा. पडून राहणाऱ्याला तीन चेंडूंच्या यंत्रावर जागेपणी दर दोन तासांनी दहा मोठे श्वास घ्यायला लाव. कंटाळा करतील, तरी लाव. ताप, खोकला, छातीत दुखणं किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलाव. वयात आलेल्या मुलांना एकट्यात विचार: लिंगाला दुखरा ताठरपणा येऊन तो तासन्‌तास राहतो का? लाजेपोटी ती आईलाही सांगत नाहीत आणि उपचाराची वेळ निघून जाते.

रक्त चढवण्याचे नियम तुला पाठ असतील: दोघींनी पिशवी तपासणं, पहिली पंधरा मिनिटं जागेवरून न हलणं, थंडी वाजली की आधी रक्त बंद करणं. रात्री तीनलाही ते तसेच पाळ.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या आईला प्लीहा, म्हणजे पोटातली पानथरी, तपासायला शिकव. डाव्या बरगडीखाली तिचा हात धरून ठेव आणि तिच्याकडूनच करून घे, नुसतं सांगू नकोस. मूल एकाएकी पांढरंफटक पडलं, मलूल झालं, पोट फुगलं, तर रक्त प्लीहेत साठत असतं. तेव्हा हातात काही तासच असतात आणि गाव लांब असतं. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, हेही सांग. कित्येकांना माहीत नसतं.

सुट्टी देताना ऋतू विचारात घे. धानाच्या रोवणीत दिवसभर गार पाण्यात उभं राहायचं, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी उन्हात पाण्याविना फिरायचं, दोन्ही वेळा क्रायसिस ओढवतो. "काम करू नका" हे त्यांना परवडणारं नाही. पाण्याची बाटली सोबत ठेवा, सावलीत थांबा, ओले कपडे लगेच बदला, एवढं त्यांच्या हातात असतं. क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध मधेच सोडू नका आणि रक्ततपासणीची तारीख चुकवू नका, हेही बजाव.

आणि घरचे सुनेला दोष देत असतील तर नवऱ्याला बोलावून समोर बसव. मूल एसएस असतं, म्हणजे सिकलसेलचं जनुक त्याच्यात जोडीनं असतं, तेव्हा ते आईबाप दोघांकडून आलेलं असतं. दोघेही वाहक, म्हणजे ते जनुक एकेरी असलेले पण स्वतः आजारी नसलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे त्याला कागदावर काढून दाखव, सासू तिथे असताना.

तुझी,
जुनी सिस्टर