लिबरल म्हणजे उदारमतवादी का? आधी विचारा: कुठला लिबरल, कधीचा?

प्रश्न असा आलाय: एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करताना 'लिबरल' हा शब्द तीन वेगळ्या ठिकाणी आला, एकदा अमेरिकेतल्या एका सिनेटरसाठी, एकदा ऑस्ट्रेलियातल्या पक्षासाठी आणि एकदा न्यायमूर्ती रानड्यांसाठी. तिन्हीकडे 'उदारमतवादी' लिहिलं तर चालेल का, आणि लिबरल म्हणजे डावेच ना?

नाही चालणार. लिबरल म्हणजे डावे हे समीकरण अमेरिकेपुरतं बरोबर आहे, तेही साधारण १९३० नंतरच्या. रानड्यांना ते लावलं तर गोंधळ होईल आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्षाला लावलं तर अर्थ सरळ उलटा होईल.

आधी आपल्या मराठी शब्दाकडे बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. उदार म्हणजे देणारा, सढळ हाताचा, मोठ्या मनाचा. 'उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्' मधला उदार तोच, आणि जिवावर उदार होणं म्हणजे जीवसुद्धा देऊन टाकायला तयार होणं. सगळीकडे देण्याचा, सोडण्याचा भाव. त्यामुळे उदारमतवादी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे समंजस, दुसऱ्याचं ऐकून घेणारा, जातपात न मानणारा माणूस उभा राहतो. हे चूक नाही पण अर्धंच आहे. लॅटिनमध्ये 'लिबेर' म्हणजे मोकळा, गुलाम नसलेला, आणि 'लिबेरालिस' म्हणजे मोकळ्या माणसाला शोभेल असं, त्यातूनच पुढे सढळ हाताचा हा अर्थ फुटला. मराठीत आपण ती पुढे फुटलेली फांदी घेतली आणि मोकळेपणाचं खोड तिकडेच राहिलं.

याचा परिणाम बघा. 'उदार सरकार' म्हटलं की मराठी माणसाच्या मनात काय येतं? अनुदान देणारं, कर्जमाफी करणारं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन लिबरलला मात्र सरकारने हात आखडता घ्यायला हवा होता, बाजारात, धर्मात, छापखान्यात ढवळाढवळ करू नये असं त्याचं म्हणणं. आणि मग १९९१ नंतर आपण 'उदारीकरण' हा शब्द रोज वापरायला लागलो, त्यात उदारचा अर्थ लायसन्स कमी करणं, बाजार खुला करणं. म्हणजे एकाच मराठीत उदारमतवादी हा समाजसुधारणेच्या खात्यात आणि उदारीकरण हे मार्केटच्या खात्यात, आणि कित्येक लोक उदारमतवादी आहेत पण उदारीकरणाच्या विरोधात आहेत, यात कुणाला काही खटकतही नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मूळ शब्दात ही दोन्ही खाती एकाच वहीत होती.

राजकीय गटाचं नाव म्हणून लिबरल पहिल्यांदा पक्कं झालं ते इंग्लंडात नाही, स्पेनमध्ये. नेपोलियनच्या फौजा देशात असताना कादिझ शहरात जी सभा बसली आणि जिने १८१२ ची राज्यघटना केली, तिच्यातले घटनेच्या बाजूचे ते 'लिबेरालेस', आणि त्यांनी विरोधकांना नाव दिलं 'सेर्विलेस', म्हणजे गुलामवृत्तीचे. मोकळे विरुद्ध गुलाम, अशी ती मूळ जोडी आहे. तिथून शब्द इंग्लंडात गेला तेव्हा तिथल्या टोरी, म्हणजे परंपरावादी गटाच्या लोकांनी तो मुद्दाम स्पॅनिश रूपातच वापरला, ऐकणाऱ्याला परका आणि संशयास्पद वाटावा म्हणून. (टोरी आणि त्यांचे विरोधक व्हिग ही नावंही आधी शिव्याच होत्या, टोरी म्हणजे आयरिश लुटारू आणि व्हिग हा स्कॉटलंडमधल्या बंडखोरांवरून आलेला.) पुढे शिवीचं बिरूद झालं आणि १८५९ मध्ये लिबरल पक्ष उभा राहिला. याच पक्षाच्या तिकिटावर दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटात निवडून गेले. आपल्याकडच्या त्या पिढीच्या कानावर लिबरल शब्द पडला तो ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या या पक्षामुळे.

आता रानडे. पुण्यातली सार्वजनिक सभा ही राजकीय संस्था टिळकांच्या गटाच्या हातात गेल्यावर रानड्यांनी १८९६ मध्ये पुण्यात डेक्कन सभा काढली, आणि तिच्या जाहीरनाम्यात लिबरॅलिझम आणि मॉडरेशन हे दोन शब्द नुसते घोषणेसारखे टाकले नाहीत, दोन्हींचा अर्थ उलगडून सांगितला. लिबरॅलिझम म्हणजे वंश आणि धर्माच्या पूर्वग्रहातून मोकळं होणं, माणसामाणसांत न्याय करणं, राज्यकर्त्यांना कायद्यापुरती निष्ठा आणि प्रजेला कायद्यासमोर समानता. मॉडरेशन म्हणजे अशक्याच्या मागे न धावता रोज पुढचं पाऊल टाकणं. एखाद्याने स्वतःच्या लेबलचा अर्थ इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवावा हे फार क्वचित घडतं, आणि आपल्याकडे ते घडलंय याचा मला खरंच अभिमान आहे. पण हेच रानडे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्लिश अर्थशास्त्राचं 'सरकारने हात लावू नये' हे तत्त्व हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू होत नाही असं सांगतात, जर्मन अर्थतज्ज्ञ लिस्टचा आधार घेतात, देशी उद्योगांना सरकारने मदत करावी म्हणतात. म्हणजे समाज आणि कायद्यात पक्के लिबरल, पण अर्थकारणात लंडनच्या लिबरलांपासून वेगळे. एका शब्दात बसत नाहीत ते.

आणि त्यांच्या परंपरेतल्या लोकांना मराठीत किती नावं पडली बघा. विरोधक म्हणायचे मवाळ. थोडं तटस्थ म्हणजे नेमस्त. आणि पुढे त्यांच्या पक्षाला प्रागतिक. माणसं तीच. मवाळ मध्ये मऊपणा आहे, कच खाण्याचा वास आहे, नेमस्त मध्ये प्रमाणात असणं आहे जसं नेमस्त आहार, आणि प्रागतिक म्हणजे पुढे जाणारा. तसंच जहाल म्हटलं की जहाल विष आठवतं, तिखट, झोंबणारं, पण ते स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणायचे. मी शाळेत 'जहाल आणि मवाळ यांतला फरक स्पष्ट करा' याचं उत्तर पाठ केलं तेव्हा माझ्या मनात मवाळ म्हणजे घाबरट असंच बसलं होतं, गोखल्यांची बजेटवरची भाषणं पुढे वाचली तेव्हा कळलं की त्या शब्दाने मला किती वर्षं चुकीच्या बाजूला बसवून ठेवलं होतं. परीक्षेत मार्क मिळाले पण माणूस कळला नाही.

या सगळ्या विषयावर सगळ्यात नेमकं बोलले ते स्वतः टिळक. २ जानेवारी १९०७, कलकत्ता, सुरतेत काँग्रेसमध्ये फूट पडायला अजून जवळजवळ वर्ष आहे. टिळक सांगतात की आपल्या राजकारणात जहाल आणि मवाळ हे दोन नवे शब्द आलेत खरे, पण त्यांचा संबंध काळाशी आहे, काळ बदलला की तेही बदलतील, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील जसे आजचे मवाळ काल जहाल होते. आणि उदाहरण कुणाचं, तर दादाभाईंचं, काँग्रेस सुरू झाली तेव्हा त्यांचीच मतं जहाल म्हणून गणली जायची. ज्याच्यावर लेबल चिकटवलं जात होतं तोच माणूस लेबल कसं चालतं हे समजावून सांगतोय. वादाच्या ऐन भरात इतकं स्वच्छ दिसणं सोपं नाही.

टिळकांचं म्हणणं डाव्या-उजव्यांना तर तंतोतंत लागू पडतं. १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीत, व्हर्सायच्या सभेत राजाला नकाराधिकार असावा का यावर वाद झाला, राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमले, विरोधातले डाव्या. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं: जिराँदँ या क्रांतिकारक गटाचे लोक १७९१ च्या विधानसभेत डावीकडे बसायचे, आणि १७९२ च्या नव्या सभेत तेच उजवीकडे. वर्षभरात त्यांची मतं काही उलटी झाली नव्हती, त्यांच्यापेक्षा कडक लोक डावीकडच्या उंच बाकांवर येऊन बसले म्हणून हे उजवे झाले. आपल्या लोकसभेत तर सत्ताधारी अध्यक्षांच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे, मग पक्ष कुठलाही असो. १९६७ मध्ये ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष ठरलेला स्वतंत्र पक्ष 'उजवा' म्हणून ओळखला जायचा आणि बसायचा डाव्या हाताला.

स्वतंत्र पक्षावरून आठवलं, १९५९ मध्ये राजाजी आणि मिनू मसानी वगैरे मंडळींनी तो काढला तेव्हा नाव 'स्वतंत्र' ठेवलं, आणि मला वाटतं 'लिबेर' ला भारतीय भाषांत मिळालेला सगळ्यात चपखल शब्द हाच. शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हाही हाच धागा उचलला, शेतकऱ्याला मोकळं करा, अनुदान नको पण बंधनंही नकोत. हा विचार 'उदार' शब्दात मावलाच नसता.

आता लिबरल डावा कधी झाला ते. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सरकारी कामं, पेन्शन, बँकांवर नियंत्रण हे सगळं लिबरल या नावाखाली केलं, आणि त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर तक्रार करत राहिले की खरा लिबरल मी, नाव माझं पळवलं. नाव रूझवेल्टकडेच राहिलं. १९८८ च्या निवडणुकीपर्यंत तिथे ते इतकं बदनाम झालं की 'एल-वर्ड' (एल पासून सुरू होणारा, उच्चारूही नये असा शब्द) म्हणून ऐकवलं जायचं, मग अनेकांनी प्रोग्रेसिव्ह हे नाव जवळ केलं. इंटरनेटवर आपल्यापर्यंत पोचलेला लिबरल हा, अमेरिकन. मराठीत लोक 'लिबरल' हा शब्द टोमणा म्हणून मारतात तो हाच, आणि त्याच वाक्यात रानड्यांचं नाव काढून 'उदारमतवादी परंपरा' म्हणतात ती दुसरीच. ऑस्ट्रेलियात १९४४ मध्ये मेंझीसनी लिबरल पक्ष काढला तो डावीकडच्या लेबर पक्षाच्या विरोधात, आजही तो तिथला मुख्य उजवीकडचा पक्ष. जपानची लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी, १९५५ ची, तीही कॉन्झर्व्हेटिव्हच.

तर तुमच्या अनुवादात मी असं करेन. सिनेटरसाठी 'लिबरल' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अमेरिकी अर्थाने, म्हणजे डावीकडे झुकलेले' एवढं जोडा. ऑस्ट्रेलियाचं विशेषनाम आहे, 'लिबरल पार्टी' असंच लिहा, भाषांतर करू नका, आणि 'उजवीकडचा पक्ष' हे वाक्यात कुठेतरी येऊ द्या. रानड्यांना उदारमतवादी बरोबर आहे. काँग्रेसच्या राजकारणाबद्दल वाक्य असेल तर नेमस्तही चालेल, मवाळ मात्र लेखकाने विरोधकांच्या तोंडी घातलं असेल तरच. आणि वाक्य रानड्यांच्या आर्थिक विचारांबद्दल असेल तर ते पूर्ण पाठवा, कारण तिथे लेखकाला सरकारी मदतीच्या बाजूचा लिबरल म्हणायचाय की विरोधातला, हे बघितल्याशिवाय शब्द ठरवता येणार नाही.