डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला, पण आठवडे बरोबर धरलेत का?

प्रश्न : वय २९, पाळी ४० दिवसांनी येते. सुरुवातीला बीटा एचसीजी (गर्भधारणेचे संप्रेरक) १,४५० होता, दोन दिवसांनी २,३००; दुप्पट झाला नाही. आता डबल मार्करमध्ये (पहिल्या तिमाहीतील रक्ताची चाळणी चाचणी) डाउन सिंड्रोमची जोखीम १:१८०, ‘हाय रिस्क’. त्यात मोजलेले दोन घटक : फ्री बीटा (एचसीजीचा एक भाग) २.१ एमओएम (म्हणजे त्या आठवड्याच्या मध्यम पातळीच्या २.१ पट), पॅप-ए (वारेतून येणारे प्रथिन) ०.५. रिपोर्टवर गर्भाचे वय पाळीवरून १३ आठवडे ३ दिवस आहे, एनटीचा (गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी) रकाना रिकामा. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत सीआरएल (गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) ५५ मिमी, एनटी १.३ मिमी. गर्भ ठेवावा का?

उत्तर : १:१८० म्हणजे असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. एवढ्यावर गर्भपाताचा विचारही करू नका.

तुमच्या बाबतीत आधी हा आकडाच तपासायला हवा. ५५ मिमी सीआरएल म्हणजे गर्भ सुमारे १२ आठवड्यांचा. पाळी लांबणारी असली की बीजही उशिरा सुटते, म्हणून पाळीवरून आठवडे जास्त भरतात. या काळात फ्री बीटा आठवड्यागणिक उतरतो आणि पॅप-ए चढतो. वय सव्वा आठवड्याने जास्त धरले, की तुमचा फ्री बीटा उगाच जास्त दिसतो आणि पॅप-ए कमी. नेमकी हीच जोडी डाउन सिंड्रोमची खूण मानली जाते!

लॅबला सोनोग्राफीचा रिपोर्ट द्या. सीआरएल, एनटी आणि सोनोग्राफीची तारीख घालून जोखीम नव्याने काढायला सांगा. रक्त पुन्हा द्यावे लागत नाही. वजनही पडताळा, किलोचा आकडा अंदाजाने लिहिलेला असेल तर एमओएम चुकतो. जुळे, मधुमेह, आयव्हीएफ यांच्या नोंदीही पाहा. दुसऱ्या लॅबमध्ये तीच चाचणी करून मनासारखा आकडा शोधू नका.

सुधारित जोखीमही १:२५० पेक्षा जास्त (म्हणजे १:१८० सारखी) आली, तर एनआयपीटी करता येते. आईच्या रक्तातील गर्भाचा डीएनए पाहणारी ही चाचणी बरीच अचूक आहे, तरी तीही चाळणीच. पक्के निदान हवे असेल तर आता सीव्हीएस (वारेच्या तुकड्याची तपासणी) किंवा १६ आठवड्यांनंतर अ‍ॅम्निओसेंटेसिस (गर्भजलाची तपासणी). (एनटी ३.५ मिमीच्या वर असता तर थेट याच तपासण्या सुचवल्या असत्या.)

सुरुवातीच्या बीटा एचसीजीचे म्हणाल तर दोन दिवसांत ५९ टक्के वाढ पुरेशी होती. ठोके दिसल्यावर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर सीव्हीएस किंवा अ‍ॅम्निओच्या आधीच डॉक्टरांना सांगा. नंतर अँटी-डीचे (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून) इंजेक्शन लागते.