उत्तराचा रकाना

"मॅडम, माझं काय चुकलं?" हा प्रश्न माझ्या खोलीत जितक्या वेळा विचारला गेला आहे, तितक्या वेळा दुसरा कोणताही विचारला गेला नसेल. सोलापुरात गेली अठरा वर्षे मी समुपदेशन करते. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि पाळकांच्या घरात वाढले आहे, त्यामुळे आपल्या मंडळींतील, म्हणजे चर्चमधील, माणसे माझ्याकडे जरा मोकळेपणाने येतात. कोणाच्या घरात कर्करोग निघालेला असतो, कोणाचा तरुण मुलगा अपघातात गेलेला असतो, कोणाचे लेकरू जन्मापासून अंथरुणावर असते. प्रसंग निराळे असले तरी प्रश्न हाच असतो, आणि त्याच्या मागोमाग दबक्या आवाजात दुसरा येतो: "माझा विश्वास कमी पडला का?" या प्रश्नाला मी आजवर काय उत्तर देत आले आणि ते देणे मी का थांबवले, हे एका बाईंच्या निमित्ताने लिहीत आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि काही बोलणे इतरांच्या भेटींतले यात मिसळले आहे.

बाई पन्नाशीच्या होत्या. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात काजे-बटणाच्या मशीनवर त्या काम करत. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू झाले. मंडळीने साखळी प्रार्थना केली, महिला संघाने उपास धरले. पावणेदोन वर्षांनी तो गेला. त्यानंतर बाईंनी गायनमंडळात गाणे सोडले. उपासनेला त्या येत, पण शेवटच्या बाकावर बसून गीताच्या वेळी पुस्तक मिटून ठेवत. त्यांच्या मुलीला आईच्या रडण्यापेक्षा या मिटलेल्या पुस्तकाची जास्त भीती वाटली, आणि तीच त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या भेटीत त्या फारसे बोलल्या नाहीत. दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली, जी मी पूर्वीही अनेकदा केली होती. रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात ते, मी त्यांना हळुवारपणे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पर्सची चेन लावली.

"मॅडम, हे वचन मला आतापर्यंत अकरा जणांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाराव्या."

त्यांनी खरोखर मोजले होते. वचन खरे आहे, पण ते प्रेषित पौलाने लिहिले त्याच्या अगोदरच्या ओळी सांत्वनाला येणारा सहसा वाचत नाही. तिथे सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे, विश्वासणारेही कण्हत आहेत, आणि काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो, असे पौल म्हणतो. कण्हणे गाळून कल्याण तेवढे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला गप्प बसायला सांगितले जात आहे. त्या दिवशी मी तेच केले होते.

तिसऱ्या भेटीत त्यांनी एक वही आणली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डावीकडे 'विनंती', उजवीकडे 'उत्तर'. मुलीची दहावी, घराचे पत्रे, दिराची दारू, असे जुने विषय डावीकडे होते आणि त्यांच्यासमोर लाल शाईने 'दिले' आणि तारीख. पुढे नवऱ्याचे आजारपण सुरू होते. पानामागून पान एकच विनंती होती, "क्रिएटिनिन उतरू दे", आणि शेजारी कंसात त्या दिवशीच्या रक्ततपासणीचा आकडा. उजवा रकाना कोरा. शेवटची चौदा पाने अशीच होती.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी नापास झाले की ओ. एवढी पानं भरली आणि एकालाही उत्तर नाही. म्हणजे खोट माझ्यातच असणार. काहीतरी पाप राहून गेलं असेल, नाहीतर विश्वास मोहरीएवढाही नसेल."

इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते. शेजारपाजारी कोणावर संकट आले की 'भोग आहेत' असे म्हणतात, आणि आपण ख्रिस्ती माणसे त्यावर हळूच मान हलवतो. पण आपल्याही घरात तोच हिशेब असतो. भोगाऐवजी आपण 'शिक्षा' म्हणतो एवढेच. प्रभू येशूच्या शिष्यांच्याही मनात तोच हिशेब होता. जन्मांध माणूस दिसताच, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे, असे त्यांनी विचारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात तो स्वतः शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांची गोष्ट काढतो आणि विचारतो, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय? नाही, असे तोच सांगतो. आपल्या कृत्यांचे परिणाम आपल्याला भोगावे लागतात हे पवित्र शास्त्र लपवत नाही. दारूने यकृत खराब झालेल्या माणसाला मी वेगळे काही सांगणार नाही. पण परिणामांवरून उलटे चालत जाऊन पाप हुडकण्याचा धंदा प्रभूने बंद केला आहे. एकाएकी सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तोच केला. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते उत्तम सांत्वनकर्ते होते. तोंड उघडले आणि बिघडले. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर संतापतो, आणि ईयोब माझ्याविषयी खरे बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असे सुनावतो. आणि ईयोब तर अध्यायामागून अध्याय देवाशी भांडत होता!

विश्वास कमी पडल्याचा आरोप तर मला अधिक क्रूर वाटतो, कारण रोगी गेल्यावर तो जिवंत माणसाच्या गळ्यात पडतो. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढेच ऐकू आले. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनेही, हा प्याला टळून जावो, अशी तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. विश्वासाच्या मापाने उत्तरे मिळत असती, तर या दोघांचे माप कोणी काढायचे? बाप्तिस्म्यानंतर दुःखाला आडकाठी होते असे समजणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सगळे पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या, केडगावला शेकडो अनाथ मुलीबायकांना आसरा देणाऱ्या या बाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

हे सगळे मी बाईंना सांगितले नाही. सांगितले असते, तर त्यांनी पुन्हा पर्सची चेन लावली असती. त्याऐवजी मी स्तोत्रसंहिता त्यांच्यापुढे ठेवली आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांचा आवाज गाणाऱ्या बाईचा होता, स्वच्छ आणि ठाम. जीव संकटांनी भरून गेला आहे, तू मला खोल खाचेत टाकले आहेस, तू आपले मुख माझ्यापासून का लपवतोस, अशा ओळी वाचता वाचता तो बारीक होत गेला. शेवटची ओळ अंधारात संपते. त्यांनी पान उलटले, पुढे एकोणनव्वदावे सुरू होते. त्यांनी पान परत मागे केले.

"याच्या शेवटी स्तुती नाही?"

"नाही."

"छापायचं राहिलंय का?"

"नाही ताई. इतकंच आहे."

खिडकीखाली रिक्षा उभी होती, तिचा चालक कोणाशी तरी भाड्यावरून हुज्जत घालत होता. ती हुज्जत संपून रिक्षा निघून गेली, तरी बाई त्या पानाकडेच पाहत होत्या.

"मग हे काढून का नाही टाकलं कोणी? असं देवाला तोंडावर बोललेलं पवित्र शास्त्रात कसं ठेवलं?"

अठरा वर्षांत मला थोडेफार कळले असेल तर ते हेच, की असा प्रश्न माणसाच्या तोंडून बाहेर पडतो तेव्हा आपण उत्तर द्यायचे नसते. मी गप्प राहिले, आणि या गप्प राहण्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. कारण उत्तर त्यांनीच दिले. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "हीसुद्धा प्रार्थनाच धरतात." मग त्या रडल्या. नवरा गेल्यानंतर दुसऱ्यांदा, असे त्यांनी नंतर सांगितले. पहिल्यांदा कबरस्तानात, आणि तिथे कोणीतरी "रडू नका, तो प्रभूजवळ आहे" म्हणून त्यांना थांबवले होते. आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी प्रभू रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. पुनरुत्थानाच्या आशेला डोळ्यांतल्या पाण्याचे वावडे असते, तर योहानाच्या अकराव्या अध्यायात ते दोन शब्दांचे वचन आले नसते.

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या तेव्हा शेवटच्या चौदा पानांवरचा 'उत्तर' हा शब्द त्यांनी खोडला होता आणि वर 'गाऱ्हाणं' असे लिहिले होते. खाली मजकूर होता. तो त्यांचा आणि देवाचा आहे, म्हणून मी देत नाही. एवढेच सांगते की लाजाराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघींनी प्रभूला ऐकवलेली तक्रार, आपण इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता, ती सोलापुरी मराठीत बरीच तिखट झाली होती.

माझे एक मत आहे आणि ते सर्वांना पटत नाही. ख्रिस्ती श्रद्धा दुःखाचे कारण फारसे सांगत नाही; देव त्या दुःखात कुठे असतो ते सांगते, आणि वधस्तंभाकडे बोट दाखवते. म्हणून विश्वासणाऱ्याला मी आधी गाऱ्हाणे शिकवते, स्वीकार नंतर. पण हेच वधस्तंभाचे नाव घेऊन, मार खाणाऱ्या सुनेला "हा तुझा वधस्तंभ आहे, उचल" असे सांगितले जाते तेव्हा मला संताप येतो. प्रभूने आपला वधस्तंभ उचलायला सांगितले ते त्याच्यामागे चालण्यासाठी, नवऱ्याचा हात मोकळा राहावा म्हणून नव्हे. टाळता येण्यासारखे दुःख टाळावे, औषधाने बरे होण्यासारखे दुखणे डॉक्टरांना दाखवावे, आणि जगणे नको असे मनात येऊ लागले तर प्रार्थना करीत असतानाच त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी क्रमांक मी प्रत्येकाला लिहून देते. सांत्वनाला जाणाऱ्यांनाही एक विनंती आहे. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असे पौलाने लिहिले आहे. त्यांना शोकाचे कारण समजावून सांगा, असे नव्हे. पहिल्या आठवड्यात भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन जावे, भांडी घासून द्यावीत. वचन महिन्याने चालेल.

बाई सात महिने येत होत्या. त्या पूर्वीसारख्या झाल्या असे मी म्हणणार नाही, आणि वहीतला आकड्यांचा प्रश्नही सुटलेला नाही. पण त्या वर्षी उत्तम शुक्रवारी, वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांच्या उपासनेत पाळकांनी त्यांना चौथ्या उद्गारावर बोलायला सांगितले, आणि त्या हो म्हणाल्या. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा तो उद्गार. मी मागच्या बाकावर बसले होते. प्रत्येकाला दहा मिनिटे दिली होती. त्यांनी तीनच घेतली. त्यांनी नवऱ्याचे नाव घेतले, डायलिसिसचे दिवस सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, "प्रभूने विचारलं. त्यावर वरून काय उत्तर आलं ते कुठं लिहिलेलं नाही, मी शोधलं. पण तो 'माझ्या देवा' म्हणतच राहिला." आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. पुढच्या गीताला त्यांनी पुस्तक उघडले होते. गात होत्या की नाही, ते मला मागून दिसले नाही.

तीन वाजता उपासना संपली. बाहेर सोलापूरचे ऊन होते. फाटकापाशी त्यांनी मला गाठले आणि पुढच्या आठवड्यात यायला जमणार नाही म्हणून सांगितले. शाळांच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या आणि जूनच्या आत चार हजार शर्टांची काजे व्हायची होती.