पहिला केक करताय? एवढं सांभाळा

वाढदिवसासाठी एकदम तीन थरांच्या केकच्या मागे लागू नका. साधा ७ इंची स्पंज आधी दोनदा करून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं: मैदा कपाने नाही, वजनकाट्यावर मोजा. कप दाबून भरला की २०-३० ग्रॅम सहज जास्त जातो आणि केक कोरडा, घट्ट होतो.

- लोणी, अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. गार अंड्याने फेटलेलं लोणी फाटतं.
- मैदा घातल्यावर जोरात फेटायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा.
- ओव्हन आधीच १८० अंशांवर तापवा.

पहिली २५ मिनिटं दार अजिबात उघडू नका, केक मधोमध खचतो. आयसिंग केक पूर्ण गार झाल्यावरच. कोमट केकवर क्रीम ओघळतंच.